आधी थंड करा, मग हलवा

प्रश्न : जावई अमेरिकी सैन्यात आहेत, मुलगीही सोबत असते. नुकतीच मोहावी वाळवंटातल्या फोर्ट अर्विनला बदली झाली. जवळचं गाव बार्स्टो, तेही साठेक किलोमीटरवर. तळावरचं लष्करी रुग्णालय लहानसं. सरावात उष्माघात झाला तर वेळेत पोहोचतील का?

उत्तर : ताई, तुमची काळजी समजते. पण उष्माघातात उपचार रुग्णालयात नाही, माणूस कोसळतो तिथेच सुरू होतो. शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, की प्रत्येक मिनिट मेंदू-यकृताला भोवतं. म्हणून अमेरिकी लष्करात सरावाच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या चादरी शीतपेटीत तयार ठेवतात. कपडे काढून त्या अंगभर गुंडाळायच्या, गरम झाली की लगेच दुसरी. शक्य असेल तर सरळ बर्फाच्या पाण्यातच बसवायचं. तापमान 39 च्या आसपास उतरलं की मग रुग्णवाहिका. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो, आतलं तापमान गुदद्वारातूनच मोजावं लागतं. रुग्णालयात पुढे मूत्रपिंड, यकृताच्या रक्ततपासण्या होतात. गंभीर असेल तर मोठ्या रुग्णालयात हलवतात.

जावयांना एक जरूर सांगा : नुसतं पाणी ढोसत राहू नका. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, घसरून झटके येतात, आणि ते उष्माघातासारखंच दिसतं. जेवण चुकवू नये.