‘अशीच असते’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत राहतो. तीन वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅकचं निदान झालं. या आजारात गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आतड्याला इजा करतं, म्हणून पोळी, रवा, मैदा सगळं सुटलं आणि त्याची सवयही झाली. पण शनिवारी मित्रांबरोबर बसलं की सगळ्यांच्या हातात बिअर आणि माझ्या हातात सोडा, याचं वाईट वाटतं. गेल्या महिन्यात ग्लूटेन-फ्री बिअरचे चार कॅन १७ डॉलरला आणले. पहिला उघडला तर अर्धा टेबलावर सांडला आणि उरलेला आंबट लागला. दुसराही तसाच. दुकानात गेलो तर मालक म्हणाला, “ग्लूटेन-फ्री बिअर अशीच असते.” मग मित्राने दुसरीच एक बिअर दिली. तिच्यावर ‘ग्लूटेन काढून टाकलेलं’ असं काहीसं लिहिलं होतं. चव झकास, पण पुढचे दोन दिवस पोट धरून बसलो. चांगली बिअर आमच्या नशिबातच नाही का? आणि खराब कॅनची तक्रार करायची कुणाकडे?

उत्तर : दुकानदाराने तुम्हाला चुकीचं सांगितलं. अर्धी बिअर उडून जाते आणि उरलेली आंबट लागते, ते माल खराब असल्यामुळे. ग्लूटेनचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याच्या त्या वाक्याचा मला फार राग येतो, कारण माझं निदान झालं २०१२ साली आणि तेव्हापासून मी ते ऐकत आले आहे. ब्रेड कोरडा का? ग्लूटेन-फ्री आहे ना, अशीच चव असायची. केक भुसभुशीत का? तेच उत्तर. आपल्याला पथ्य आहे म्हणजे आपण मिळेल ते गोड मानून घ्यावं, असं लोकांना वाटतं आणि हळूहळू आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. माझी कळकळीची विनंती आहे, तुम्ही तसं वाटून घेऊ नका.

आधी मित्राच्या बिअरचं बघू, कारण तो प्रश्न तब्येतीचा आहे. ती बिअर बार्लीचीच, म्हणजे जवाचीच असणार. तिच्यात एक एन्झाइम घालतात, जे ग्लूटेनच्या लांब साखळ्यांचे तुकडे करतं. मुळात हे एन्झाइम बाजारात आलं ते थंड बिअर गढूळ दिसू नये म्हणून. ग्लूटेन तोडण्याचा त्याचा गुण नंतर उपयोगी पडला. अडचण अशी की ग्लूटेन मोजायची नेहमीची चाचणी प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते, आणि तुकडा लहान असेल तर दुसरी पकड बसायला जागाच उरत नाही. त्यामुळे आकडा कमी येतो, पण तुकडे बिअरमध्ये असतातच. तुकडे मोजायची वेगळी चाचणी आहे, पण तो आकडा बघून सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने निश्चिंत व्हावं, इतका भरवसा तिच्यावरही ठेवता येत नाही. म्हणूनच अमेरिकेत अशा बिअरला ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायला परवानगी नाही. ग्लूटेन काढण्याची प्रक्रिया केली आहे असं लिहिता येतं, पण त्यासोबत किती उरलंय ते खात्रीने सांगता येत नाही, हेही छापावं लागतं. २०२० साली एफडीएनेही, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानेही, नियम केला, की आंबवलेल्या पदार्थाला ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर आंबवण्याआधीचा कच्चा मालच ग्लूटेनमुक्त हवा.

तुमचं दोन दिवसांचं दुखणं त्या बिअरचंच होतं की त्या दिवशीच्या जेवणातल्या कशाचं, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. पण उलटही लक्षात ठेवा. एखाद्याला ती पिऊन काहीच झालं नाही, म्हणून आतड्याला इजा झाली नाही असं होत नाही. मी ती पीत नाही. तुम्हीही पिऊ नका.

मग प्यायचं काय? जी पहिल्या दाण्यापासून ग्लूटेनमुक्त धान्याची आहे, ती. ज्वारी, मिलेट, तांदूळ, कुट्टू. इथे मिलेट म्हणतात ती बहुतेक वेळा आपली बाजरी नसते, आपल्या वरीच्या जातीचं बारीक धान्य असतं. कुट्टूच्या इंग्रजी नावात ‘व्हीट’ आहे म्हणून दचकू नका, त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. दुकानात ओळखायची एक खूण सांगते. अमेरिकेत बार्लीच्या बिअरवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. पण जिच्यात बार्लीचं माल्टच (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही, तिचं लेबल एफडीएच्या अन्नपदार्थांच्या नियमांनी बनतं, म्हणून त्यावर घटक आणि पोषणमूल्यांचा तक्ता असतो. कॅन फिरवा आणि यादी वाचा. यादीच नसेल तर तो कॅन परत फडताळात ठेवा.

मी मूळची मंगळवेढ्याची. आमच्याकडे काळ्या रानातली मालदांडी ज्वारी पिकते. इथे आल्यावर पहिल्यांदा ज्वारीची बिअर प्यायले तेव्हा मी मोठ्या आशेने घोट घेतला होता, आणि तांब्याचं नाणं चाटल्यासारखी चव आली. पुढे कळलं की सुरुवातीच्या पुष्कळ बिअर अख्ख्या दाण्याच्या नव्हत्याच, ज्वारीचं तयार सिरप आणून बनवलेल्या होत्या, आणि ती धातूसारखी चव त्या सिरपची. दाण्यापासून बनवणं अवघड आहे, हे खरं. भाकरी करणाऱ्या कुणालाही हे लगेच समजेल. पिठाची विरी गेली की आई आधणाचं पाणी घालायची, कोमट पाण्याने पीठ जुळून यायचं नाही. बिअरमध्येही ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, आणि तेवढ्या उष्णतेत त्याची साखर करणारी दाण्यातली एन्झाइम मरतात. ज्वारी-मिलेटच्या माल्टमध्ये ती मुळातच कमी. म्हणून बनवणारे धान्य वेगळं शिजवतात आणि बाहेरून एन्झाइम घालतात. ही हातोटी आता लोकांना साधली आहे. माझ्या घराजवळ सिअ‍ॅटलमध्ये घोस्टफिश ही ब्रुअरी २०१५ साली सुरू झाली. त्यांच्या आवारात बार्ली किंवा गव्हाचा दाणा येत नाही. पोर्टलंडची ग्राउंड ब्रेकर चेस्टनट आणि मसूर वापरून बिअर बनवू लागली, मसुराची बिअर ऐकून मला आधी नवल वाटलं होतं. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची हॉलिडेलीही यातलीच. यांपैकी तुम्हाला सगळ्यात जवळ माँट्रियलची ग्लूटेनबर्ग. ‘संपूर्ण ग्लूटेनमुक्त कारखाना’ हे शब्द शोधा. त्याचा अर्थ टाक्या, नळ्या, यीस्ट कशालाच बार्ली लागलेली नाही.

चव बदलते, हे मात्र मान्य करायला हवं. फेस लवकर बसतो, कारण तो धरून ठेवणारी प्रथिनं बार्लीत जास्त असतात. पिताना बिअर थोडी पातळ लागते. थोडा गढूळपणा किंवा तळाशी बारीक साका असतो. हे दोष नाहीत.

आता दोषांकडे. तुमचं पत्र वाचून मला माझ्याच अंगणातला जुलै आठवला. शेगडीवर कणसं भाजत होती, पाहुणे यायचे होते आणि मी नवीन आणलेला एक कॅन टेबलावर ठेवला. तो डुगडुगला. नीट पाहिलं तर तळ, जो नेहमी आत वळलेला असतो, बाहेर फुगून आला होता. तरी मी तो उघडला. ‘फुस्स’ आवाज थांबेचना, आणि दूध उतू जावं तसा फेस हातावरून कोपरापर्यंत आला. उरलेलं काचेच्या ग्लासात ओतून वास घेतला, तर दोन दिवसांच्या ताकाच्या भांड्यासारखा. माझं काम एका अन्नपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायचं. त्यामुळे पुढचं सवयीनेच केलं. उरलेल्या तीन कॅनपैकी एकही उघडला नाही. तळाच्या तारखेचा आणि बॅच नंबराचा फोटो काढला, फुगलेल्या तळाचा बाजूने फोटो काढला, पावती जोडली आणि बनवणाऱ्यांना मेल केलं. काय झालं तेवढंच लिहिलं : कधी घेतला, कुठे ठेवला, उघडताना काय झालं, वास कसा होता. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी राखून ठेवलेले त्या बॅचचे नमुनेही फुगायला लागले होते. माल दुकानांतून परत मागवला आणि पैसे मिळाले. मी मेल केलं नसतं तर तोच माल दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेला असता, आणि त्यालाही ‘अशीच असते’ हेच ऐकायला लागलं असतं.

असं का होतं? कॅन बंद झाल्यावरही आत कुणीतरी साखर खात असतं. कधी बाहेरून आलेलं रानटी यीस्ट असतं. कधी मी वर म्हटलेली बाहेरून घातलेली एन्झाइम थांबलेलीच नसतात. ती साखरेच्या लांब साखळ्या तोडत राहतात, यीस्ट ती खातं आणि गॅस वाढतो. त्यावर आंबटपणाही आला तर जीवाणूंचा शिरकाव झाला असं समजा. मुद्दाम आंबट बनवलेल्या बिअरवर तसं लिहिलेलं असतं. तुमचे उरलेले दोन कॅन फ्रिजमध्ये खोक्यात ठेवा आणि आता उघडू नका. काचेची बाटली असती तर मी जास्तच सावध केलं असतं, दाब वाढला की ती फुटते.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी आहे. आपल्या बिअरला हा दोष फार छळतो, कारण गिऱ्हाईक थोडं असतं आणि माल फळीवर महिनोन् महिने पडून राहतो. म्हणून तारीख बघा. भरपूर हॉप्सची, म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी फुलं जास्त घातलेली, बिअर मी तीन महिन्यांपेक्षा जुनी घेत नाही, आणि दुकानातल्या फ्रिजमधलीच घेते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उजेडात राहिली तर कुबट, उग्र वास मारते. कॅनमध्ये तो प्रश्नच येत नाही. लोण्यासारखा वास आणि जिभेवर तेलकटपणा म्हणजे बहुतेक वेळा यीस्टला काम पूर्ण करू दिलेलं नाही.

तक्रार पहिल्यांदा बनवणाऱ्याकडे करा, कारण बॅच नंबर त्याच्या उपयोगाचा. पावती दाखवून दुकानातही पैसे मागा. बार्ली नसलेली बिअर पिऊन त्रास झाला आणि तिच्यात ग्लूटेन शिरल्याची शंका असेल, तर एफडीएकडे तक्रार करा आणि डॉक्टरांकडे नोंदही करून ठेवा. लिहिताना रागावून लिहू नका. तारीख, वेळ आणि फोटो असले की पुरतं.

प्रश्न (लंडनहून एक वाचक) : इथल्या पबमध्ये बाटलीवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलंय आणि मागे ठळक अक्षरांत बार्लीही लिहिलंय. दोन्ही खरं कसं?

उत्तर : दोन्ही खरं आहे. तुमच्याकडे आणि युरोपात तयार पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन सापडलं नाही, तर ग्लूटेन-फ्री म्हणता येतं, मग ती बिअर बार्लीची का असेना. बार्सिलोनाची दाउरा ही बिअर अशीच आहे. हीच बाटली ऑस्ट्रेलियात त्या नावाने विकता येणार नाही, कारण तिथे ग्लूटेन असलेल्या धान्याचं माल्ट वापरलं की ते शब्दच बाद. ठळक ‘बार्ली’ ही अ‍ॅलर्जीची सूचना आहे. तुमच्या आहारतज्ज्ञांशी बोला. मला विचाराल तर ज्वारी-मिलेटची मागवा.

प्रश्न (पुण्याहून एक आई) : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, त्याला सिलिअ‍ॅक आहे. एका मायक्रोब्रुअरीत त्याला सांगितलं की आमची राइस बिअर चालेल. चालेल का?

उत्तर : बार्लीचं माल्ट अजिबात नाही असं ते लिहून देत असतील तरच. आपल्याकडच्या पुष्कळ बिअरमध्ये बार्लीच्या माल्टला जोड म्हणून तांदूळ किंवा मका घालतात. नावात राइस आलं म्हणून बार्ली गेली असं होत नाही. त्याने वाढणाऱ्याला न विचारता बिअर बनवणाऱ्याला विचारावं : “माल्ट कशाचं?” पहिला प्रश्न हाच. आणि त्या नळातून कालपर्यंत गव्हाची किंवा बार्लीची बिअर येत असेल तर उत्तर ‘नाही’ असंच धरावं. नळीत राहिलेलं ग्लासात येतं.

त्याला मित्रांबरोबर बसायचंच असेल तर पुण्याचीच मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते. मधात ग्लूटेन नसतं, पण मीडच्या काही प्रकारांत माल्टही घालतात, म्हणून प्रत्येक बाटलीचं लेबल वाचावं. सफरचंदाची सायडर चालते. गोव्याला गेला तर काजूची फेणी चालते. बाटलीबंद मालात गडबड आढळली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्याआधी झाकण, लेबल आणि बिल हे तिन्ही जपून ठेवायला सांगा, मुलं झाकण पहिलं फेकतात.