बँकेतला चेक, पटावरचा शह आणि घरातली सतरंजी

कोथरूडच्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे: बँकेतला चेक, शर्टावरचे चेक्स आणि ‘चेक करून सांगते’ मधला चेक हा एकच शब्द आहे की तीन वेगळे? आणि एकच असेल, तर बँकेतल्या चेकचं स्पेलिंग निराळं का?

शब्द एकच. तपासणे, ताडून बघणे हा अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मूळ आहे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर मारा आला की बुद्धिबळाचा खेळाडू ‘शाह!’ म्हणून बजावायचा. खेळ इराणातून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. ‘शाह’चं लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’. ‘चेस’ हे त्याच ‘एशेक’च्या अनेकवचनातून आलेलं. आपल्याकडे मात्र तो शब्द एवढा वळसा न घेता आला आणि ‘शह’ झाला. चेक आणि शह सख्खे भाऊ आहेत.

म्हणूनच बातम्यांमध्ये उठसूट ‘अमक्याचा तमक्याला चेकमेट’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, डाव अजून चालू आहे, समोरचा उद्या उलटी चाल करणार आहे, मग चेकमेट कसला? तो शह. त्याला उत्तर दिलं की काटशह, आणि डाव संपला की मात. तीन अवस्थांना तीन नेमके शब्द मराठीत असताना एकच इंग्रजी शब्द, तोही चुकीच्या जागी?

शह बसला की हातातली बाकी चाल सोडून आधी राजा सांभाळावा लागतो. त्यातून ‘चेक’ला अडवणे, लगाम घालणे हे अर्थ आले. लगाम ठेवायचा तर नजर ठेवावी लागते, त्यातून तपासणे आलं. आपल्या ‘चेकनाक्या’वर दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात: आधी गाडी थांबवतात, मग डिकी उघडायला लावतात.

आता पैशाकडे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या मेजावर मोजला जाई, त्याचं वर्णन दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं लिहून ठेवलं आहे. मेज साधारण 10 फूट लांब, 5 फूट रुंद, चहूबाजूंनी चार बोटं उंचीची कड. त्यावर काळं कापड, आणि कापडावर रेघा मारून पाडलेले रकाने. रकान्यांत सोंगट्या सरकवून हिशेब व्हायचा. दिसायला हुबेहूब बुद्धिबळाचा पट, म्हणून पटासाठी असलेला फ्रेंच शब्द ‘एशेकिए’ त्या मेजाला चिकटला, आणि मेजावरून अख्ख्या खजिन्याला. तोच ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्याच मेजाच्या नावानं ओळखला जातो. त्यातला ‘एक्स’ तर निव्वळ चूक आहे; फ्रेंच ‘ए’ला कुणीतरी लॅटिन ‘एक्स’ उपसर्ग समजून बसलं आणि ते तसंच रुळलं.

बाईंच्या स्पेलिंगचं उत्तर इथेच आहे. बँकेतला ‘चेक’ म्हणजे मुळात आपली स्थळप्रत: कागद फाडून दिल्यावर खोटेपणाला आळा बसावा म्हणून मागे ठेवायचा तुकडा. पुढे ते नाव फाडून दिलेल्या कागदाकडे गेलं, आणि खजिन्याच्या ‘एक्सचेकर’शी नातं जोडत इंग्रजांनी त्यात क्यू घातला. अमेरिकेत अजूनही साधं सी-के चालतं.

पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते आपल्याकडचं टोक. आपल्या संस्कृत ‘चतुरंगा’चं इराणात ‘चतरंग’ झालं, अरबीत ‘शतरंज’. पटासारख्या चौकड्यांचं जाजम ती ‘शतरंजी’. आपली सतरंजी! आमच्या कोशप्रेमी मित्रमंडळींत एक गृहस्थ दर वेळी ‘सतरंजी म्हणजे सात रंगांची’ असं ठासून सांगतात, आणि माना डोलावणारे त्यांना भेटतातही. मी त्यांना घरी बोलावून आमची जुनी सतरंजी पसरून दाखवली आहे. निळा पट्टा, मळका पांढरा पट्टा, पुन्हा निळा. मोजा रंग. सतरंज्या चौकड्यांच्या जाऊन पट्ट्यांच्या झाल्या, नाव तेवढं राहिलं. तिकडे इंग्रजांनी बुद्धिबळाचं नाव पांघरलेल्या कापडावर महसूल मोजला, आणि इकडे आपण बुद्धिबळाचंच नाव असलेल्या सतरंजीवर बसून पंगतीत जेवतो. हे नातं सोडून सात रंग मोजत बसायचं?

‘मात’बद्दलही भांडण आहे. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’, असं भल्याभल्या इंग्रजी कोशांतही सापडतं, अरबी ‘माता’ म्हणजे मेला यावरून. मला ते पटत नाही. बुद्धिबळात राजा मरत नाहीच. तो कोंडला जातो, हतबल होतो, आणि डाव तिथेच थांबतो. फारसी ‘मात’चा अर्थ हाच: चकित, हतबल. आपली भाषाही तेच सांगते. संकटावर मात केली, आजारावर मात केली, म्हणजे ते आपल्यापुढे हतबल झालं. इथे मरणाचा वाससुद्धा नाही.

आणखी मागे जायचं तर ‘शाह’ हा प्राचीन इराणी ‘क्षायथिय’चा झिजलेला अवतार. राज्य करणे या अर्थाच्या ज्या धातूपासून तो आला, त्याचाच भाऊबंद संस्कृतातला ‘क्षत्र’, आणि इराणी ‘क्षत्रप’ही याच कुळातला. जुन्नरला गेलात तर मानमोडीच्या लेण्यांत नहपान महाक्षत्रपाचं नाव कोरलेलं आहे. ती ब्राह्मी अक्षरं आणि चेकबुकातली स्थळप्रत यांचं कूळ एकच.

शर्टाचं राहिलंच. तेही पटावरूनच, चौकोनांमुळे. पण लक्ष्मी रोडवर कापड घेताना ‘चौकडीचं दाखवा’ म्हणा, दुकानदाराला बरोबर कळतं.