कोरियन युद्ध हे गृहयुद्ध होते की महासत्तांनी कोरियनांच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढलेले युद्ध?

आपण दोन पर्याय दिले आहेत. मला त्यांपैकी एकच निवडता येत नाही. युद्धाची इच्छा कोरियन नेत्यांची होती, ते लांबवण्याची ताकद मात्र बाहेरची होती.

फाळणी तर निव्वळ बाहेरचीच. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात असताना वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन कर्नलांनी एका रात्री नकाशा पुढे ओढून ३८ वे अक्षवृत्त निवडले आणि सोव्हिएत संघाने ते मान्य केले. कोरियनांना कोणी विचारलेही नाही. १९४८ मध्ये उभ्या राहिलेल्या दोन्ही सरकारांचे प्रमुख, दक्षिणेतले सिंगमन री आणि उत्तरेतले किम इल सुंग, अख्ख्या देशावर हक्क सांगत होते. किम यांनी आधी स्तालिनची संमती मिळवली आणि २५ जून १९५० रोजी सैन्य दक्षिणेत घुसवले. पुढे अमेरिका उतरली, मग चीन उतरला, आणि वर्षभरात सेऊल चार वेळा या बाजूकडून त्या बाजूकडे गेले.

जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, तरी शस्त्रसंधी व्हायला २७ जुलै १९५३ उजाडला. सर्वांत जास्त अडले ते युद्धकैद्यांवरून: पकडलेल्या उत्तर कोरियन आणि चिनी सैनिकांपैकी ज्यांना मायदेशी जायचे नाही, त्यांना बळजबरीने धाडायचे का? अखेर अशा सुमारे २२,६०० कैद्यांची राखण भारतीय सैन्याकडे आली आणि तिचे नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे. (आपल्याकडे हे फारसे कोणी सांगत नाही.) री यांचा भारतीयांवर इतका राग, की आमच्या जवानांना दक्षिणेच्या भूमीवर पाय न ठेवू देता जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात (दोन्ही कोरियांमधल्या सैन्यमुक्त पट्ट्यात) न्यावे लागले. छावण्यांतही तेच राजकारण होते. कैद्यांमधल्या कम्युनिस्टविरोधी म्होरक्यांचा धाक असा, की परत जावेसे वाटणाऱ्याला तसे बोलण्याचीही भीती वाटे. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आले.

बहुतेक कैदी शेवटी तैवान किंवा दक्षिण कोरियाकडे गेले. ८८ जणांनी मात्र दोन्ही कोरिया, चीन आणि तैवान, सगळेच नाकारले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ते आपल्या सैन्याबरोबर जहाजाने मद्रासला आले.