बाळाची वाटी संपत नाही म्हणून

‘बाळ काही खातच नाही हो!’ सहा ते दहा महिन्यांच्या बाळांच्या आया समुपदेशनाला येतात, तेव्हा बोलणं झोपेवरून सुरू होवो नाहीतर नवऱ्यावरच्या चिडचिडीवरून, शेवटी येतं ते इथेच. कोथरूडच्या अशाच एका आईशी झालेल्या बोलण्यातलं थोडं, ओळख पटणार नाही अशा बेतानं, इथे देते.

बाळ आठ महिन्यांचं. वजन नीट वाढतंय असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं. (ही खात्री आधी करायची, समुपदेशन नंतर.) तरी प्रत्येक जेवणाला पाऊण तास, समोर मोबाइल आणि शेवटी दोघांचंही रडणं.

“वाटीत काय असतं?”

“मूगडाळ-तांदळाची खिमटी. मिक्सरमधून काढून गाळून घेते. घशात अडकेल अशी भीती वाटते.”

“चमचा कलता केला की?”

“ओघळते.”

आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 240 मिली मावतं. पातळ खिमटीनं ते पाण्यानंच भरतं. म्हणून दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून भरड काढा. पाचपट पाण्यात चिमूटभर हळद घालून गिच्च शिजवा, पळीनं घोटा, वर अर्धा चमचा साजूक तूप. चमच्यावर टिकली पाहिजे. निवताना घट्ट होते, मग उकळलेलं गरम पाणी चमचाभरच घाला. मीठ-साखर वर्षभर नको. मध तर चाटवूसुद्धा नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. आठव्या महिन्यात खिमटीत मऊ गुठळ्या हव्यातच. त्या फार उशिरा दिल्या तर पुढे चावायचा कंटाळा येतो. उबळ येणं, खोकणं ही घशाची राखण आहे. आवाज बंद होऊन श्वास अडला, तर ती आणीबाणी.

हे तिनं लिहून घेतलं, पण गाठ सुटली ती पुढच्या भेटीत.

“नको असलं की तो काय करतो?”

“आधी मान वळवतो. मग ओठ मिटतो. मग चमच्याला फटका मारतो. मग रडतो.”

“म्हणजे रडण्याआधी तीनदा सांगतो.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी वाटीत किती उरलंय तेच बघत असते. सासूबाई विचारतात ना, संपली का म्हणून.”

रिकामी वाटी हे तिचं प्रगतिपुस्तक झालं होतं. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली वाटणी मी अशा वेळी आवर्जून सांगते: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती, हे बाळानं. या वाटणीवर माझा पूर्ण भरवसा आहे, कारण तिनं आई आणि बाळ दोघंही सुटतात.

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं. “आजी, एक वेळ तुम्ही भरवा. मान वळवली की थांबा.”

“अहो, उपाशी राहील की!”

“अंगावरचं दूध चालू आहे. दोन-तीन तासांनी पुन्हा भूक लागेल.”

आजींनी मनावर घेतलं. दिवसातून तीनदा, वीस मिनिटं, मोबाइल बंद. नावडता लाल भोपळा आठ-दहा वेळा पुढे आला तरी चालतो, मात्र रोज दोनच घास.

वजन महिना-दोन महिने अडलं, गिळताना दरवेळी ठसका लागला किंवा लघवी कमी झाली, तर मात्र थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.