पगार २० टक्के कमी, बदल्यात बॅकएंड आणि स्टॉक ऑप्शन्स: जाऊ का?

प्रश्न: आठ वर्षं अँड्रॉइड ॲप्स करतोय, आता बॅकएंडकडे, म्हणजे ॲपमागच्या सर्व्हरच्या कामाकडे वळायचंय. एका नव्या, छोट्या कंपनीची ऑफर आहे: हातात येणारा पगार २० टक्के कमी, वर स्टॉक ऑप्शन्स. आजच्या पगारातले ३५ टक्के घराच्या हप्त्यात जातात, ३८ घरखर्चात. हप्त्यासकट चार महिने निघतील एवढे पैसे बाजूला आहेत. घरात कमावणारा मी एकटाच. घेऊ का?

उत्तर: आजचा पगार १०० धरू. खर्च ७३, शिल्लक २७. नव्या ठिकाणी येणार ८०, खर्च तोच, शिल्लक ७. म्हणजे पगार पाचव्या हिश्शाने घटतोय, पण बचत मात्र जवळपास तीन-चतुर्थांश जातेय.

आता पुढचं. समजा, इथे दरवर्षी ८ टक्के वाढ मिळते आणि तिकडे १५. तरी तुमचा तिकडचा पगार इथल्या पगाराच्या पुढे जाईल तो पाचव्या वर्षी. तोवर साठलेली तूट आजच्या सहा महिन्यांच्या पगाराहून थोडी जास्त, आणि ती भरून निघायला आठवं वर्ष उजाडेल. सलग आठ वर्षं १५ टक्के! मी तरी त्या भरवशावर हप्ता भरणार नाही.

ऑप्शन्सचं काय? तुम्ही ऑफर लेटरचा जो भाग पाठवलात, त्यात ऑप्शन्सची संख्या मोठ्या दिमाखात आहे, कंपनीचे एकूण शेअर्स किती ते नाही. छेदाशिवाय अंशाला काय अर्थ? शिवाय ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या किमतीला तो विकत घेण्याचा हक्क. हे हक्क सहसा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, पहिल्या वर्षाच्या आत सोडलंत तर हाती भोपळा. नोकरी सोडल्यावर ते वापरायची मुदत कित्येकदा जेमतेम ९० दिवसांची असते. तेवढ्यात पैसे उभे करायचे, आणि शेअर विकायला बाजार नसतानाही कर भरावा लागू शकतो. माझ्या हिशेबात ऑप्शन्सची किंमत शून्य. मिळालं तर बोनस.

बॅकएंडकडे वळावंसं वाटणं मात्र अगदी रास्त आहे. अँड्रॉइडमध्ये हत्यारं सारखी बदलतात: कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेला गूगलचा अधिकृत पाठिंबा मिळाला २०१७ मध्ये, २०१९ मध्ये ती अँड्रॉइडची पहिल्या पसंतीची भाषा झाली, २०२१ मध्ये कंपोझ हे स्क्रीन बनवायचं नवं साधन आलं आणि एक्सएमएलमध्ये स्क्रीन मांडण्यात मुरलेला हात पुन्हा कच्चा ठरला. उलट एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा १९७० च्या दशकातली. ती शिकलेल्याचं आजही पोट भरतं. पण यासाठी पगार कापून घ्यायची गरज आहे का? तुमची कॉटलिन स्प्रिंग बूट या बॅकएंडच्या फ्रेमवर्कवरही चालते. तुमचं ॲप सर्व्हरशी बोलायला ज्या एपीआयला हाक मारतं, त्यातले दोन-तीन एंडपॉइंट (एकेका विनंतीला उत्तर देणारे भाग) स्वतःकडे मागून घ्या. इंडेक्स, ट्रान्झॅक्शन, क्यू हे बॅकएंडचं सगळं पूर्ण पगारात शिकता येईल. रात्री अडीचला सर्व्हर पडल्याचा फोन येतो तेव्हा कसं वाटतं, तेही कळेल. ते मानवत नाही म्हणून परत फिरलेले मी पाहिलेत.

तेव्हा ८० वर नकार द्या, पण बोलणी तोडू नका. ऑप्शन्स कमी करून रोख वाढवून मागा. ९० मिळाले तर त्याच वाढीच्या दराने तुम्ही तिसऱ्या वर्षीच पुढे जाता आणि तूट चौथ्या वर्षाअखेर जवळजवळ फिटते. शिल्लकही १७ राहते.

त्याआधी राखीव पैसे सहा महिन्यांचे करा. आजच्या बचतीने साडेपाच महिने लागतील. ८० वर गेलात तर पावणेदोन वर्षं. आरोग्यविमा कंपनीचाच असेल तर राजीनाम्याआधी स्वतःचा काढा.

एकूण शेअर्स, ऑप्शनची किंमत, सोडल्यानंतरची मुदत आणि रोखीचा नवा आकडा, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मला पाठवा. आकडा ९० च्या वर असेल तर हिशेब पुन्हा मांडू.