‘गणितात त्याचे मनच नाही’

दहावीचे वर्ष सुरू झाले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : “मॅडम, हुशार आहे हो, पण गणितात मनच नाही त्याचे.” ओंकारच्या (नाव बदलले आहे) आईनेही तेच सांगितले. तो शेजारी मान खाली घालून बसला होता, त्याची सरावाची वही मात्र काठोकाठ भरलेली होती. मन नसलेला मुलगा इतके लिहील कशाला?

मी त्याला दोन चलांतील रेषीय समीकरणांचे एक उदाहरण माझ्यासमोर सोडवायला दिले. दर दोन ओळींनंतर त्याची नजर पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाकडे जाई आणि उत्तर आले की लगेच उत्तरसूची उघडे.

“चुकलं की काय करतोस?”

“खोडतो आणि बरोबर उतरवतो.”

“आणि का चुकलं?”

“गणित येत नाही म्हणून.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले होते की ‘मला जमेल’ हा विश्वास इतरांच्या शाबासकीपेक्षा स्वतः काही तडीस नेल्याने अधिक पक्का होतो. इतक्या वर्षांत मला याचा प्रत्यय वारंवार आला आहे, त्यामुळे ‘मन लाव’ असे मी कुणालाही सांगत नाही. पालकांनीही सांगू नये. ओंकारला मी खोडरबर बाजूला ठेवायला लावले. सरावसंचातील पाच उदाहरणे निवडायची, त्यांतील किती न पाहता सुटतील याचा अंदाज आधी लिहायचा, पुस्तक मिटून सोडवायची आणि चुकलेल्या ओळीखाली रेघ मारून शेजारी कारण लिहायचे. आईने गुण न विचारता अंदाज किती जुळला एवढेच विचारायचे.

पहिल्या आठवड्यात सगळीकडे एकच कारण होते : ‘सिली मिस्टेक’. मी वही परत केली. हा शब्द मुलांना चुकीकडे पाहण्यापासून वाचवतो, म्हणून मला तो मुळीच आवडत नाही.

तिसऱ्या भेटीत त्याने बसण्याआधीच वही उघडली. “मॅडम, चौदा चुका आहेत, पण त्यातली नऊ एकच आहे!” एका समीकरणातून दुसरे वजा करताना खालच्या ओळीची चिन्हे बदलायची राहत होती. २ वायमधून उणे ३ वाय वजा केल्यावर ५ वाय यायला हवे, तिथे तो दर वेळी उणे वाय लिहीत होता. दोन वर्षे ज्याला तो ‘गणित येत नाही’ म्हणत होता, त्यातला मोठा भाग त्या एका ओळीत मावत होता, आणि ती ओळ मी नव्हे, त्याने शोधली होती. आवड आधी आणि अभ्यास नंतर, हा क्रम पालक धरून बसतात. मला तो उलटाच दिसत आला आहे.

पुढच्या चाचणीत त्याला ४० पैकी २१ गुण मिळाले, आधी १२ होते. आईचा चेहरा फारसा खुलला नाही. ओंकारने पेपर तिच्याकडून घेतला आणि म्हणाला, “गेलेल्या १९ पैकी ६ वर्गसमीकरणात गेलेत, ते कळलंय. १३ अजून बघायचेत.”