पाडव्याला राजीनामा नको, जानेवारीत द्या

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ३७. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर, नोकरीला ९ वर्षं २ महिने झाली. हातात ४३,००० रुपये पगार. दोन वर्षांपासून रविवारी तासगाव रोडवरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसरची कामं करतो, त्याचे गेल्या वर्षी २ लाख ६० हजार मिळाले. आता सात मालक वर्षभराच्या देखभालीचं काम द्यायला तयार आहेत, प्रत्येकी महिना ८,०००, म्हणजे ५६,०००. गुढीपाडव्याला राजीनामा देऊन पीएफ काढायचा, ५ लाख २० हजारांची एफडी मोडून पिकअप घ्यायची आणि गणपती पेठेत नदीच्या बाजूला गाळा घ्यायचा, असं ठरतंय. घरी पत्नी, दोन मुलं आणि मधुमेह असलेली आई. घरखर्च हप्त्यासकट ३१,०००. करू का?

सप्रेम नमस्कार.

करा. तुमच्या हातात कसब आहे, गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं, आणि दोन वर्षं रविवार मोडून तुम्ही हे काम पारखून घेतलंय. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांची एवढी तयारी नसते. पण पाडव्याला नको.

आधी ते ५६,००० बघू. पगाराचे ४३,००० थेट घरात येतात, हे ५६,००० मात्र धंद्यात येतात. तुमच्याच पत्रातले आकडे मांडतो: मदतनीस १४,०००, गाडी आणि डिझेल ६,०००, ऑइल-गॅस्केट-गेज वगैरे ४,०००, फोन आणि सीए दीड हजार. त्यात विम्याचे ४,००० मी धरलेत, ते तुम्ही लिहायचे राहिले होते. झाले २९,५००. उरले २६,५००, आणि घराला लागतात ३१,०००. म्हणजे सातही करार झाले तरी दर महिन्याला साडेचार हजारांचा खड्डा. करार आठ झाले तरच गाडं रुळावर येतं. आणि सातपैकी तिघांनी अजून तोंडीच 'हो' म्हटलंय, हे तुम्हीच लिहिलंय.

पत्रातल्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. मे महिन्यात केलेल्या कामाचं बिल तुम्हाला दिवाळीनंतर मिळालं. मी एकदा भर उन्हाळ्यात अशा कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो होतो. बाहेर अंग भाजत होतं आणि आत हमाल स्वेटर घालून बेदाण्याचे बॉक्स रचत होते. तेवढ्यात एक कॉम्प्रेसर बंद पडला. मालक हातातला चहा तसाच ठेवून धावला. त्या घडीला त्याने मेकॅनिकला मागेल ते कबूल केलं असतं. संकट टळलं की तोच मालक म्हणतो, माल उठू दे, मग बघू. तो लबाड नसतो, त्याचाही पैसा मालात अडकलेला असतो. पण तुमच्या मुलांची फी माल उठेपर्यंत थांबणार नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च, ६०,५०० गुणिले सहा, म्हणजे ३ लाख ६३ हजार बाजूला पाहिजेतच. ती तुमची एफडी. तिला हात लावू नका. अडलंच तर न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढीच उचल.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा, मोफत आहे. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं, असा कायदा आहे. उशीर होऊन पैसे ३१ मार्चनंतर दिले तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मालक विसरला तरी त्याचा सीए आठवण करून देईल.

आता तारीख. जानेवारीत तुमची दहा वर्षं पूर्ण होतात. दहा वर्षं भरली की ५८व्या वर्षापासून पीएफच्या पेन्शनचा हक्क लागतो. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराच्या १५,००० च्या मर्यादेने हिशेब केला तर महिना साधारण २,१४० रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण ती तहहयात आहे आणि तुमच्यामागे पत्नीलाही त्यातून पेन्शन मिळते. २६,००० मूळ पगारावर ग्रॅच्युइटीही १ लाख ३५ हजारांऐवजी दीड लाख होईल. पीएफ मात्र काढू नका. आणि जानेवारीत सुटलात की बेदाण्याचा हंगाम समोरच उभा असेल. पाडव्याला सुटलात तर तो अर्धा संपलेला असतो.

या दहा महिन्यांत पगारातले महिना १२,००० आणि रविवारचे पैसे साठवले तर तीनेक लाख होतात. जुनी पिकअप त्यातून घ्या. रविवारचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा, पुढे कर्ज मागताना बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. बाहेरचं काम करण्याबद्दल नेमणूकपत्रात काय अट आहे तेही वाचा. जीएसटीची काळजी सध्या नको, सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही.

आईची स्वतंत्र विमा पॉलिसी घ्यायला थांबू नका. कंपनीचं संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ आजच सुरू करा. कंपनीची सामूहिक पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हेही एचआरला विचारा. तुमचा स्वतःचा टर्म आणि अपघात विमा पगाराची स्लिप हातात असतानाच काढा. माझ्या एका इलेक्ट्रिशियन अशिलाचा हात मोडला, तीन महिने काम बंद होतं. घर चाललं ते बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. तुम्ही तर अमोनियाच्या लाइनवर काम करता.

आणि नदीकडचा तो गाळा नको. भाडं कमी का आहे, हे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की गेज आणि मोटारी कुठे हलवणार? सध्या घरातलीच एक खोली वापरा.

येत्या रविवारी त्या तिघांकडे कराराचा कागद घेऊन जा. रक्कम, बिलाची तारीख, रात्री-अपरात्री बोलावलं तर वेगळा दर, सगळं त्यात असू द्या. दसऱ्यापर्यंत किती सह्या झाल्या ते मला कळवा. आठ झाल्या असतील तर राजीनाम्याचा मसुदा आपण मिळून लिहू.